आतोबा डर्बीला परत निघाले

प्रिय आत्या,

आतोबांना विमानतळावर सोडून आत्ताच घरी आले. वेलिंग्टनहून ऑकलंड, तिथून पुढे लांबचा प्रवास, आणि मग डर्बीतलं तुमचं घर. एकटेच गेले. घरात कुणालाही हे पटलेलं नाही आणि त्यात माझा हात आहे, म्हणून तुला आधी कळवते. हे तू दुसऱ्या कुणाकडून ऐकलं असतंस तर मला सोडलं नसतंस!

बाबाने काल फोनवर शेवटचा प्रयत्न केला. "रेवा, त्यांना गाडी येत नाही. मूलबाळ नाही. स्वयंपाक म्हणजे चहा. ताई होती म्हणून तिकडे निभावलं. त्यांना पुण्याला पाठव, आम्ही आहोत."

"बाबा, ते कुरिअर नाहीत. त्यांनी ठरवलंय."

"त्यांनी ठरवलंय की तू?"

प्रश्न योग्य होता. उत्तर तुला सविस्तर देते.

मी शेफील्डला शिकत होते तेव्हा तू दर शनिवारी गाडी घेऊन दारात हजर व्हायचीस, आठवतं? डर्बीशायरमधलं एकही ठिकाण तू सोडलं नाहीस. ड्यूकचा वाडा, कॅसलटनच्या गुहा, ट्रॅमचं म्युझियम, मॅटलॉक बाथची लोंबकळती केबल कार. महाबळेश्वरला गेल्यासारखी तू सगळ्यांना 'पॉइंट' म्हणायचीस. "आज दोन पॉइंट करू, दुसऱ्यात चहा चांगला मिळतो." आधी पार्किंगमध्ये गाडीची डिकी उघडून धपाटे आणि दही, मग प्रवेश. शेजारच्या गाडीतले इंग्रज आजी-आजोबा सँडविच खाता खाता आपल्याकडे बघायचे. तू त्यांनाही धपाटा द्यायचीस, ते हो म्हणायच्या आत.

आणि परतीच्या वाटेवर तुझा तो नियम! गाडीत कौतुक करायचं नाही. प्रत्येकाने एक नाव ठेवायचं. "छान छान कुणीही म्हणतं. नावं ठेवायला नीट बघावं लागतं," हे तुझं म्हणणं. आतोबा त्यात पटाईत. कारखान्यात आयुष्यभर माल तपासलेला माणूस. ड्यूकच्या वाड्यातला तो सुप्रसिद्ध जिना बघून ते म्हणाले होते, "एवढा खर्च केला आणि कठडा हाताला गार लागतो." तू हसून हसून गाडी बाजूला घेतलीस.

एक तक्रार आहे, आत्या. त्या सगळ्या वर्षांत तू त्यांना एकदाही काही ठरवू दिलं नाहीस. गाडी तुझी, नकाशा तुझा, तिकिटं तुझी, कुठे वळायचं तेही तूच सांगणार. ते फक्त मागून येऊन नावं ठेवायचे. तुझ्यानंतर काय, हा विचार तुझ्या मनात कधीच आला नाही का? डर्बीहून मॅटलॉक बाथला थेट आगगाडी जाते. तुला माहीत होतं? मी सांगेपर्यंत त्यांना माहीत नव्हतं.

तू गेलीस आणि ते घरात बसले. मला ते सगळं उशिरा कळलं. तुला दिलेला शेवटचा निरोपही मी इथून स्क्रीनवर पाहिला. त्याबद्दल मी कुणाशी बोललेले नाही आणि आजही फार बोलणार नाही. फक्त एवढंच, की त्या दिवशी मी आवाज बंद ठेवला होता.

जानेवारीत मी त्यांना इथे बोलावून घेतलं. माझ्याकडे गाडी नाही, वेलिंग्टनमध्ये लागत नाही. बसने, पायी, सगळीकडे नेलं. केबल कार दाखवली. इथली केबल कार लोंबकळत नाही, रुळांवरून चढावर जाते. मला वाटलं, आता नक्की काहीतरी ऐकायला मिळणार. आतोबा म्हणाले, "छान आहे." बंदर, छान. म्युझियम, छान. समुद्राच्या वाऱ्याने त्यांची टोपी उडून पाण्यात गेली, तरी, "छान हवा आहे."

जुन्या इमारती भूकंपात टिकतील की नाही, हे बघणं माझं काम. भिंतीवर ठोकल्यावर आवाज पोकळ आला की मला कळतं. तसंच ते 'छान' मला कळत होतं. हा माणूस आता काहीच बघत नव्हता. अशा अवस्थेत त्यांना पुण्याला पाठवलं असतं तर आईच्या हातचं खाऊन, टीव्हीसमोर बसून त्यांनी बाकीचं आयुष्य 'छान' काढलं असतं.

म्हणून मार्चमधल्या एका शनिवारी मी सांगितलं, "आज तुम्ही मला फिरवायचं. मी काही ठरवणार नाही, काही सांगणार नाही."

"मला काय ठाऊक इथलं?"

"मग विचारा. स्टेशनवर माणसं असतात."

त्यांनी विचारलं! तिकीट खिडकीवरच्या मुलीने माओरीत 'किया ओरा' म्हटलं, यांनी घाबरून 'नमस्कार' म्हटलं, आणि फेदरस्टनची दोन तिकिटं घेतली. डोंगरापलीकडचं छोटं गाव. तिथे एक जुनं वाफेचं इंजिन जपून ठेवलंय, म्हणून. ते बघून झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या नकाशात गावाच्या दक्षिणेला मोठं तळं पाहिलं. "जेवढं जमेल तेवढं त्या बाजूला चालू," म्हणाले. बाहेर आले, सूर्याकडे बघितलं, आणि त्याच्या दिशेने निघाले.

दुपारचा सूर्य इथे उत्तरेला असतो, आत्या. आतोबांना हे पुस्तकातून माहीत असणारच. पण त्यांच्या पायांना सवय पुण्याची आणि डर्बीची. मला पहिल्याच कोपऱ्यावर कळलं. पण मी जीभ दाताखाली धरून त्यांच्यामागे चालत राहिले. माझ्यासारखीला ते किती अवघड जातं, तुला माहीत आहे!

शेतं, मेंढ्या, कुंपणं. तळं काही येईना. शेवटी समोरून एक शेतकरीण चारचाकी बाइकवरून आली, मागे कुत्रा बसलेला. आतोबांनी हात करून थांबवलं आणि तळं कुठे म्हणून विचारलं.

ती हसली. "तळं? तुम्ही त्याच्याकडे पाठ करून चाललाय."

आतोबांनी आकाशाकडे बोट दाखवलं, मग माझ्याकडे वळले. "तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि बोलली नाहीस?"

"तुम्ही फिरवत होतात."

ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. तोंड लाल झालेलं. मला वाटलं आता चिडतात. मग वर बघून मोठ्याने म्हणाले, "शरयू, अगं यांनी सूर्यसुद्धा चुकीच्या बाजूला लावलाय!"

आणि हसायला लागले. बाईला काही कळलं नाही, पण तीही हसली. कुत्रा भुंकला. मी काय केलं ते लिहीत नाही. तुला कळेल.

परतीच्या गाडीत ते थांबेनात. इंजिनाला रंग जास्त दिलाय. दुपारी बेकरीत खाल्लेल्या त्या 'व्हेज पाय'मध्ये भाजीपेक्षा पीठच जास्त. आणि तुमची केबल कार, रेवा, ती केबल कार नव्हेच, ती घसरणीवर लावलेली ट्राम! म्हणजे टोपी जाऊन महिना झाला, पण त्यांनी सगळं बघून ठेवलं होतं. डोंगराखालचा लांब बोगदा सुरू झाला, खिडक्या काळ्या झाल्या, आणि ते सहज म्हणाले, "मी घरी जाईन म्हणतो. डर्बीला. मॅटलॉकला आगगाडी जाते म्हणालीस ना?"

तर बाबाच्या प्रश्नाचं उत्तर हे. ठरवलं त्यांनी. मी फक्त गप्प बसले.

ते चुकीच्या बसमध्ये बसतील. पावसात भिजतील. एखाद्या रविवारी शेवटची गाडी चुकेल आणि बाबा मला फोन करून ओरडेल. मला चालेल. विचारून परत फिरता येतं, हे त्यांना आता माहीत आहे.

तू दरवर्षी बोलवायचीस आणि मी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणायचे. ते तसंच राहून गेलं. या जुलैचं तिकीट मात्र काढलंय. आतोबा नेतील तिथे जाईन, खिडकीची जागा त्यांना देईन. आणि एखाद्या बागेत, एखाद्या जिन्यावर थांबून ते मला विचारतील, "हे शरयूला आवडलं असतं का गं?" तेव्हा त्यांचं मन राखायला पटकन 'हो' म्हणणार नाही. तुझ्या डोळ्यांनी सगळं बघेन, हवा तेवढा वेळ घेईन, आणि मगच खरं उत्तर देईन. हा माझा शब्द.

तुझी,
रेवा