तेजस्वीची मुदत आणि आईनं भरलेली बॅग

ती. आक्कास,

धाकट्या आकारामचा दंडवत. दाजींचा गुडघा आणि तुझा पारा दोन्ही जागेवर असतील अशी आशा करतो. (गुडघ्याला तेल पाठवतोय. पाऱ्यावर अजून औषध निघालेलं नाही.) इकडे गडमुडशिंगीत आम्ही खुशाल आहोत. हे वाक्य मागच्या आठवड्यात लिहिता आलं नसतं, म्हणून पत्राला उशीर.

तेजस्वीला बालकल्याण समितीनं (मुलांचं कोर्टच म्हण) वर्षासाठी आपल्याकडं दिली, हे तुला ठाऊक आहेच. दत्तक नव्हे, सांभाळायला. हुकमावर शेवटची तारीख होती. आता मी पडलो मंडपवाला. लग्न उरकलं की मंडप सोडायचा आणि पुढच्या गावाला न्यायचा, यातच केस पांढरे झाले. तारीख संपली म्हणजे माल परत, एवढंच मला कळतं, आणि तेच मी शहाण्यासारखं घरात जाहीर करून टाकलं. तुझी भावजय स्वप्नाली ऐकून आत गेली ती बाहेर आलीच नाही. आईनं डोळे पुसले आणि चुलीवर कढई चढवली. "आपल्या घरातनं लेक रिकाम्या हातानं जायची न्हाय!" मग चकल्या, शेंगदाण्याचे लाडू, नवं परकर-पोलकं, ओटीचा नारळ आणि कांदा-लसूण चटणीची बरणी. (सात वर्षांच्या पोरीला चटणीची बरणी! पण आईला कोण सांगणार?)

तारखेच्या आधीच समितीच्या बाई घर बघायला आल्या. दारात फुगलेली बॅग आणि तिच्यावर गजरा माळून बसलेली तेजस्वी. कुठं निघालीस विचारल्यावर म्हणाली, "आजी म्हनली, मला न्ह्यायला येनार हाईत." बाई अंगणात गेल्या आणि फोन लावला. हयातभर भोंग्यांखाली उभा राहिलो तरी माझे कान शाबूत आहेत. ऐकू आलं, "मॅडम, यांना मुलगी नको झालीय. बॅगसुद्धा भरून ठेवलीय."

आता गप्प बसेन तर मी कसला? मंडपावर ओरडतो तसा ओरडलो, "सोडा सगळं!" आणि बॅग बाहेरच्या सोप्यात उलटी केली. बरणी फुटली. मग आई, स्वप्नाली, बाई, मी, सगळेच शिंकत आणि रडत होतो, त्यातलं चटणीचं किती आणि खरं किती, ते देव जाणे.

मग समितीनं आम्हाला बोलावलं, तिथं आईच उभी राहिली. "पोटची लेक सासरला धाडताना बी शिदोरी देतोच की. नको असती तर कशाला दिली असती?" अध्यक्ष मॅडम इकडच्याच निघाल्या. हसल्या आणि मला म्हणाल्या, "पावणं, ती तारीख पोरगी न्यायची नव्हं. त्याच्या आधी आम्ही बघतो, पोर रमलीय का, शाळेत जाते का, आणि मग मुदत वाढवतो. हे विचारायचं सोडून तुम्ही लाडू वळलासा?" मग तेजस्वीला आतल्या खोलीत नेलं. भिंत फळीची होती. (कान मुद्दाम लावला नाही, लागला.) "बाबा आंघुळीला लय मोठ्यांदा गात्यात. पन मला तितंच ऱ्हायचं हाय."

मुदत वाढली, आक्का! पुढच्या वर्षी पुन्हा बघतील, पुन्हा वाढवतील. येताना मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही.

तुझा,
आकाराम

ता. क. जवळचे नातेवाईक म्हणून मी तुझं नाव दिलंय. बाई तुझ्याकडं इचलकरंजीला येतील. दिवाळीत "परक्याचं पोर कशाला?" म्हणालीस, ते त्यांच्यापुढं म्हणू नकोस. पत्र खरं एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. दुसरा. तेजस्वी विचारतेय, तुला आत्या म्हटलं तर चालेल का. हो म्हण. आणि त्या 'हो'ला तारीख घालू नकोस.