त्या दिवशीची हाळी

९ जानेवारी
कॉलेजातल्या सरांचा पुन्हा फोन. आपल्या भागातले शब्द गोळा करायलेत. अर्थ, मूळ, वापर. "मॅडम, तुमच्याकडं 'हाळी' आहे. महिनाअखेर पाहिजे." पावसाळ्यात मीच हौसेनं मागून घेतला होता हा शब्द. तेव्हा भास्कर होता. "अक्का, लिहून काय कळतंय? मी देतो दोन-चार, फोनमध्ये भर अन् दे धाडून," म्हणाला होता. भरल्या नाहीत. धाकटा भाऊ काय, रोजच ओरडतो शेतातून, असं वाटलं.

११ जानेवारी
कोश काढला. हाक, आरोळी. एवढंच. मूळ दिलेलं नाही. हल म्हणजे नांगर, त्यावरून नांगऱ्याची ती हाळी? ओढूनताणून वाटतं.
स्वतः लिहिलं: "शिवारातून घराकडं दिलेली लांब हाक. हिच्यात नाव नसतं." खोडलं. परत तेच लिहिलं.
बारा वाजले की वर्गातही कान ओढ्याच्या अंगाला वळतात. शाळा झरी गावात, शेत तिथून दोन कोस. काय ऐकू येणार, डोंबल! तरी फळ्यावर हात थांबतो. पोरं बघत बसतात.

१४ जानेवारी
संक्रांत. यंदा आम्हाला सण नाही.
मायला दहा वर्षांपासून ऐकू येत नाही. सुट्टीच्या दिवशी चुलीपासून तोंड वर करून विचारायची, "आली का गं हाळी?" मी मान हलवली की भाकरी बांधायची. आता विचारत नाही. पण आज दोन भाकरी जास्त थापल्या.

१७ जानेवारी
इथं तरी लिहून टाकते.
ऑक्टोबरातला रविवार. भास्कर सोयाबीनच्या गंजीवर, फोन घरी चार्जिंगला. सव्वाबाराला हाळी आली. मायनं विचारलं, आली का? मी नुकतं डोकं धुतलं होतं. ऊन मी म्हणत होतं. ओढा ओलांडून जायचा कंटाळा आला. जाऊ घटकाभरानं, म्हणून मान आडवी हलवली. न्हाई.
दीडला भाकरी घेऊन गेले. ताडपत्री अर्धी उचललेली. भास्कर बांधाला टेकून बसलेला, पोटरीला गमजा आवळलेला. डोळे अर्धे मिटलेले. जीप मिळेपर्यंत... दवाखान्यात म्हणाले, पान लागलंय, सापाचा विषार चढलाय, तासभर आधी आणायला पाहिजे होतं.
मायला एवढंच माहीत, की हाळी आलीच नाही. गावालाही तेच.

२१ जानेवारी
मारोतीमामांकडं गेले. वीस वर्षं आमचे सालगडी, आता बाजेवर असतात. शब्दाचं निमित्त सांगितलं. खुशीत आले.
"भाकरीची हाळी लांब आसती. वर चढती आन् तितंच ऱ्हाती. अडचणीची तुटक. तोडून तोडून द्यायची."
"नाव कामून घेत नाहीत मामा?"
"भर बाराला शिवारात नाव घ्यावं का? भलतंच कोनी ओ देतंय."
मूळ विचारलं तर हसले. "तुमी शाळंतले, मला काय इचारता! मान्साला तोंड फुटलं तवा पयली हाळीच फुटली आसंल."
मग चहाचा कप माझ्याकडं सरकवला. "आपल्या भास्करला तेवढीबी देता आली न्हाई."
चहा तसाच ठेवला. उठून आले.

२२ जानेवारी
लांब होती की तुटक? आठवत नाही. देवाशप्पथ आठवत नाही. लांब असली तर भाकरीची. मग मी नुसती आळशी. तुटक असली तर

२५ जानेवारी
रविवार. बाराला शेतात गेले. ज्वारी हुरड्यात आलीय, पाखरं लय. बांधावर उभं राहून घराकडं तोंड करून दोन्ही दिल्या. आधी लांब, मग तुटक. दोन्ही त्याच्याच वाटल्या. पळतच घरी आले.

३० जानेवारी
सरांना उद्या द्यायचंय. कागद घेऊन चुलीपाशी बसले.
"काय लिव्हायलीस?"
कानाशी तोंड नेऊन ओरडले, "हाळी!"
मायनं परात बाजूला सारली. मग पिठाचा हात पुसला नाही, तसाच माझ्या गळ्यावर ठेवला.
"दे."
"काय?"
"त्या दिवशी आल्ती तशी दे. हाताला कळंल मला."
"माय, तुला कुणी..." ओठांवरूनच तिला कळलं.
"कोन सांगतंय? तू केस झटकायलीस. मधीच थांबलीस, ओढ्याकडं बघितलंस. मंग न्हाई म्हनलीस."
चार महिने! चार महिने ही बाई माझ्यासमोर जेवली.
तोंड उघडलं. लांब द्यावी की तुटक? माय माझ्या तोंडाकडं बघत होती. तव्यावरची भाकर करपली तरी तिनं हात काढला नाही.
खुणेनं सांगितलं, उद्या.
"बरं," म्हणाली. "बाराला."