मशीनखालचं नाव

होनियारा, रविवार, प्रार्थना आटोपून

डोरीनच्या बाबांना,

प्रभूच्या कृपेने आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. तुमचा खोकला कसा आहे? बोटीने पाठवलेली रताळी पोचली.

डोरीनला विद्यापीठात शांततेचा विषय आहे. इथल्या ग्वाडलकनाल बेटाच्या माणसांचं नाव काढलं की थुंकणारी पोर आता त्यांच्याच मुलींबरोबर एका पानात जेवते. मला हे लक्षण ठीक वाटत नव्हतं. त्यात तिला शिकवणाऱ्या बाईंनी घरी विचारायला सांगितलं, की आपल्या मलाइताच्या आणि त्यांच्या दंगलीच्या वर्षांत घरात काय काय आलं.

मी म्हटलं, "तुझी बाई पोलिसांची आहे का गं?"

"नाही आई. पण तू का दचकलीस?"

मग तिने आपलं शिलाई मशीन उलटं केलं. खाली खिळ्याने कोरलंय, 'सलोमे'. आपल्या मलाइता बेटावर या नावाची आपली कोणी नाही.

"परत करायचं तर रीतीप्रमाणे भरपाई म्हणून सोबत लाल शिंपल्यांची माळ द्यावी लागेल," ती म्हणाली. हे तिला बाईंनी नाही, तुमच्याच आईने शिकवलंय.

तुम्ही तेव्हा विकत आणलं म्हणालात. मी वीस वर्षं त्यावर देवळाचे झगे शिवले. विकतचं असेल तर प्रभूला स्मरून तसं लिहा. नसेल तर काही लिहू नका, पुढच्या बोटीने माळ पाठवा.

तुमच्यासाठी रोज प्रार्थना करणारी,
मिरियम