दाराबाहेरच्या सँडल

पिंप्राळा, मंगळवार, संध्याकाळ

माझी लेक वैशाली नोकरीच्या मुलाखतीहून आली आणि घडलेलं सांगू लागली. साहेबांच्या केबिनबाहेर सँडल काढून ती अनवाणीच आत गेली. साहेब हसले, "अगं, देऊळ आहे का हे?" मग तिला येत होतं तेही सांगता आलं नाही. तिच्यानंतरची मुलगी सँडल वाजवत आत गेली, हसत बाहेर आली. नोकरी तिलाच.

"का गं काढल्यास?" मी विचारलं.

"आबा, तुम्हीच शिकाडेल शे ना!"

खरंच, मीच शिकवलं होतं. दोंडाईचाजवळच्या आमच्या शाळेत वर्गाबाहेर चपला काढायच्या, मोठ्यांपुढे तसंच जायचं. मला तेवढंच ठाऊक, तेच तिला दिलं. दुसरं होतं काय माझ्याकडे? त्या दुसऱ्या मुलीच्या बापाने घरी काय शिकवलं असेल? पोर हुशार आहे. पण असली दारं मीच कधी पाहिली नाहीत, तिला काय सांगणार?

दिवेलागणीला दोघं मारुतीच्या देवळात गेलो. मी चपला काढल्या. एरवी माझ्याआधी आत शिरणारी वैशाली पायरीशीच थांबली. सँडल काढायला ती वाकलीच नाही.