दाखल्यातला पाच

गोंदिया, पाच जुलै एकोणीसशे पन्नास

दामूला ओव्हरसियरच्या वर्गात घेतलं नाही. लढाईवरून परतलेल्यांना चोविसाव्या वर्षापर्यंत सवलत आहे. माझा भाऊ तेविसाचाच. फौजेच्या कागदावर मात्र पंचवीस. भरतीच्या वेळी वय कमी पडत होतं, म्हणून जन्मदाखल्यातल्या सालात मीच साताचा पाच केला. तेव्हाही माझाच हात सफाईचा. आता खरं सांगावं, तर तोच खोटा ठरेल.

कचेरीत मी नकाशे ट्रेस करते, केसभर चूक खपवत नाही. आणि तो पाच?

दामू उलट हसला. "काऊन रडून रायली, बाई? कोनाले ओळखूच आला नाई, असा पाच काढला तुनं!"

रडत नाही, म्हणाले.

वर तारीख अक्षरांत लिहिली. आकडा काढवला नाही.