वर्षावासाच्या समारोपापूर्वी राउटरबाबत एक पत्र मिळण्यासाठी

दि. १ ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. ग्राहक तक्रार अधिकारी,
वेगवती ब्रॉडबँड सेवा,
परळ विभाग कार्यालय, मुंबई.

अर्जदार: बुधाजी सोनू कासारे, वय ७४, राहणार संक्रमण शिबिर, शिवडी (पूर्वी परळची चाळ, ती पुनर्विकासासाठी पाडली आहे).

विषय: घरातील राउटर वारंवार गोठत असल्याबाबत, व येत्या रविवारपूर्वी आपल्या कार्यालयाचे एक पत्र मिळण्याबाबत.

संदर्भ: (१) आपले तंत्रज्ञ श्री. लवू परब यांच्या दोन भेटी व दोन्ही वेळचा शेरा, 'दोष आढळला नाही'.
(२) अर्जदाराचा ऑगस्टमधील अर्ज, जो धीर न झाल्यामुळे पाठवलेला नाही.

महोदय,

१. आपला वेळ घेतल्याबद्दल अर्जदार आधीच क्षमा मागून ठेवतो. दोष राउटरचा की अर्जदाराचा, याची त्याला स्वतःलाच बरेच दिवस खात्री नव्हती, आणि खात्री नसताना दुसऱ्याकडे बोट दाखवणे त्याला जमत नाही. उशीर त्यामुळे झाला.

२. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, म्हणजे वर्षावासात, आमच्या चाळीतली बौद्ध कुटुंबे संध्याकाळी विहारात जमून ग्रंथवाचन करीत. चाळ पाडल्यावर कोणी माहीमला, कोणी नायगावला, कोणी शिवडीला पांगले. म्हणून यंदा वाचन व्हिडिओ कॉलवर करायचे ठरले, आणि रोज एका घरावर पाळी आली. अर्जदार आयुष्यभर विहारात शेवटच्या रांगेत, चपलांजवळ बसत आला. कोणी हातात माइक देऊ नये म्हणून सतरंज्या उचलण्याचे काम तो आधीच मागून घेई. व्हिडिओ कॉलला शेवटची रांग नसते. त्यामुळे तो सापडला.

अर्जदाराच्या पहिल्या पाळीला पहिले पान सुरळीत गेले. मग श्रोते एकदम स्तब्ध झाले. कोणी खोकेना, कोणाचे नातवंड मध्ये येईना. नम्रता तांबे या मेथी निवडत ऐकत होत्या, त्यांचा हात जुडीवर तसाच थांबला. आपले वाचन लोकांना भिडले, असे अर्जदारास वाटले. असे पूर्वी कधी घडले नसल्यामुळे त्याने अख्खे प्रकरण वाचून काढले. शेवटी प्रथेप्रमाणे सर्वांनी 'साधु, साधु, साधु' म्हणायचे असते. ते कोणी म्हटले नाही. त्याऐवजी नम्रताबाईंचे यजमान बुद्धभूषण यांचा फोन आला. ते म्हणाले, "बुधाजीकाका, पहिल्या पानावरच अडकलात तुम्ही. तोंड उघडं, बोट वर. आम्ही म्हटलं, काका आता काहीतरी मोठं सांगणार, म्हणून थांबलो आपले."

३. यानंतर प्रत्येक पाळीला हेच झाले. आपल्या ग्राहक सेवेतील ताईंनी राउटर बंद करून पुन्हा चालू करण्यास सांगितले, ते अर्जदाराने इतक्या वेळा केले की बटण सैल झाले आहे. श्री. परब दोनदा आले. त्यांच्यासमोर राउटर शहाण्या मुलासारखा चालला. "काका, मशीन एकदम ओके आहे, तुम्ही उगाच घाबरता," असे सांगून, चहा घेऊन ते गेले. घाबरण्याबाबतचे त्यांचे निरीक्षण बरोबर असल्यामुळे अर्जदाराने त्यांच्या शेऱ्याखाली सही केली.

मग राहिला तो स्वतः अर्जदार. आपल्या आवाजात काही खोट असावी अशी शंका त्याला आली. त्याने हळू वाचून पाहिले, लांब वाक्ये दोन श्वासांत तोडून पाहिली, एकदा राउटरकडे पाठ करून वाचले. राउटर गोठला. मनातल्या मनात वाचले, तरी गोठला. आपण नुसते मनात वाचले तरी यंत्र बंद पडते, हे कळल्यावर अर्जदाराने दोन दिवस वर्तमानपत्रही गॅलरीत नेऊन वाचले.

४. खरे कारण मागच्या गुरुवारी उमगले. ऊन पडल्यामुळे अर्जदाराची पत्नी कमलाबाई हिने राउटरची टोपी धुऊन वाळत घातली होती.

टोपीबाबत खुलासा करणे आवश्यक आहे. आमच्या घरी कुठलेही यंत्र उघडे राहत नाही. मिक्सरला झबले आहे, टीव्हीला पडदा आहे. राउटरचे दिवे डोळ्यांवर येतात म्हणून कमलाबाईने त्याला जाड लोकरीची टोपी विणली. वरच्या दोन दांड्यांसाठी दोन भोके ठेवली, आणि टोपी घसरू नये म्हणून खाली नाडी घालून गाठ मारली. कोणी पाहुणा येणार असला की 'मळकी दिसते' म्हणून ती टोपी काढून ठेवते. श्री. परब हेही तिच्या दृष्टीने पाहुणेच. ते दोन्ही वेळा उघड्या राउटरला भेटून गेले.

त्या गुरुवारी टोपी दोरीवर होती तोवर इंटरनेट एकदाही थांबले नाही. संध्याकाळी टोपी चढली आणि थोड्याच वेळात पडद्यावर वाचणारे बुद्धभूषण तोंड उघडे ठेवून थिजले. अर्जदाराने टोपीखाली हात घातला. उतरवलेल्या तव्याला हात लागावा तसे झाले.

५. मग पत्नीस सांगितले का नाही, असे आपण विचाराल. डोळ्याच्या ऑपरेशननंतर कमलाबाईने विणलेली ही पहिली वस्तू आहे. त्याआधी वर्षभर सुई हातात धरून ती नुसती बसत असे. टोपी झाली त्या दिवशी तिने ती उजेडात धरून स्वतःशीच म्हटले, "दिसतंय गं बाई, टाका न् टाका दिसतोय." अर्जदाराने रोज सकाळी वाक्य जुळवले आणि रोज चहाबरोबर गिळले.

६. येत्या रविवारी वर्षावासाचा समारोप आहे. वयाने मोठा म्हणून शेवटचे प्रकरण अर्जदाराकडे आले आहे. बुद्धभूषण यांनी मोठ्या मनाने कळवले आहे, "काका, तुम्ही अडकलात तर मी लगेच पुढचं घेतो, टेन्शन नको." त्यांचा आवाज घंटेसारखा आहे. पूर्वी अशी सोय कोणी केली असती तर अर्जदाराने त्यांचे पाय धरले असते. यंदा मात्र ते प्रकरण शेवटच्या ओळीपर्यंत आपणच वाचावे असे त्याला वाटते. हे त्याने अद्याप कोणालाही सांगितलेले नाही. आपणास प्रथमच कळवीत आहे.

७. सबब विनंती की, आपल्या कार्यालयाने शिक्क्यानिशी एक पत्र द्यावे. पत्र अर्जदाराच्या नावे नसावे, सौ. कमलाबाई कासारे यांच्या नावे असावे. त्यात टोपीचे विणकाम उत्तम असल्याचे आधी नमूद करावे, आणि यंत्राला हवा लागते हे त्यानंतर, नवा परिच्छेद करून, लिहावे. अर्जदाराने तक्रार केली होती असा उल्लेख कृपया कोठेही येऊ नये.

आपणास तसदी देताना संकोचलेला,
बुधाजी सोनू कासारे

सोबत: ग्राहक कार्डाची प्रत.

ता. क. अर्जदाराने छापखान्यात प्रुफे तपासण्याची नोकरी केली. तिथे मजकूर मोठ्याने वाचूनच तपासत, आणि ती सवय अजून गेलेली नाही. वरील अर्ज त्याने विषयापासून सहीपर्यंत, स्वल्पविरामांसकट, खणखणीत आवाजात वाचला. आमचे स्वयंपाकघर चार पावलांवर आहे.

कमलाबाई हात पुसत बाहेर आली. "एवढ्याशा गोष्टीला कंपनीचा साहेब लागतो का हो तुम्हाला?" असे म्हणून तिने नाडी सोडून टोपी काढली. पुढे म्हणाली, "रविवारपुरती काढलीय. टोपीमुळेच होतं असं कंपनीनं लिहून दिलं तर कायमची काढीन. तुमच्या एकट्याच्या सांगण्यावर माझा भरोसा नाही, तुम्ही महिनाभर स्वतःच्या आवाजाला दोष देत होतात." तेव्हा पत्राची विनंती कायम समजावी, मात्र आता घाई नाही.

जाता जाता तिने आणखी एक सांगितले, तेही कार्यालयाच्या माहितीसाठी कळवीत आहे: "आत्ता वाचलंत ना, तस्संच वाचा रविवारी. मला कढईच्या आवाजातही शब्द न् शब्द ऐकू आला."