तारा पार्सलने येणार नाही

सन्माननीय व्याहीसाहेब यांस,

आपणां उभयतांना आम्हां उभयतांचा नमस्कार. आपला गुडघा आता कसा आहे? लग्नात आमच्या प्रत्येक पाहुण्याला सोडायला आपण फाटकापर्यंत जात होतात, (आमचे पाहुणे निरोप घेऊन पुन्हा आत येतात, ही सवय आधी सांगायला हवी होती), तेव्हा त्या गुडघ्याची चौकशी करणे माझे कर्तव्यच आहे. विहीणबाईंची सर्दी गेली असेल. आमची कन्या, म्हणजे आता आपली सूनबाई, हाका मारल्याशिवाय उठत नाही, हे एव्हाना आपल्या ध्यानात आले असेलच. लग्न ठरवताना आम्ही ते बोललो नव्हतो. आपली काही तक्रार असल्यास निःसंकोच कळवावी, आम्ही तिला आनंदाने परत न्यायला येऊ. (चार दिवसांसाठी म्हणतो.)

या पत्राबरोबर एक खोके पाठवत आहे. आपल्याला आठवत असेल, आपल्या घरी चहा घेताना विहीणबाई म्हणाल्या की नाताळच्या झाडाचे काचेचे गोळे मांजराने फोडले. त्यावर मी बोलून बसलो, ‘यंदा झाडाची सगळी सजावट माझ्याकडे लागली, लाकडाची, लेथवर स्वतःच्या हाताने केलेली, आणि वर शेंड्याला तारासुद्धा.’ त्या वेळी माझ्याकडे हत्यार म्हणाल तर एक स्क्रूड्रायव्हर होता आणि त्यानेही आम्ही डबे उघडायचो. पण मुलीचा बाप नव्या व्याह्यांच्या घरी चहा पीत असला की त्याच्या जिभेला हाड राहत नाही. निघताना आपण म्हणालात, ‘कधीतरी या.’ घरी येऊन मी कॅलेंडर चाळले. कधीतरी हा वार मला अजून सापडलेला नाही.

लेथ मिळाला तो आमच्या मागच्या गल्लीतल्या काताऱ्याकडून. त्याने जन्मभर खुर्च्यांचे पाय कातले, आता पाठ धरली म्हणून दुकान बंद केले. यंत्र ठेवायला जागा एकच होती, कन्येची खोली. आमच्या सौ. नाही म्हणतील असे वाटले होते, पण त्या खोलीचे दार लग्नापासून लोटलेलेच होते, आणि रिकामी खोली दोघांनाही बघवत नव्हती, तेव्हा त्यांनी स्वतःच पलंग भिंतीला सरकवला. आता तिथे ढीगभर भुसा असतो आणि तो झाडायच्या निमित्ताने त्या रोज तासभर आत असतात. मात्र यंत्राबरोबर कातारीही आला, हे मला व्यवहार ठरताना कळले नव्हते. तो रोज येतो. एके दिवशी म्हणे पटाशी विसरली, दुसऱ्या दिवशी तेलाची बुधली. एकदा तर टोपी राहिली म्हणून आला, आणि टोपी त्याच्या डोक्यावरच होती. येतो, लेथवरून हात फिरवतो, ‘आवाज करत नाही ना फार?’ विचारतो, चहा घेतो आणि जातो. विकलेल्या यंत्राला भेटायला येणारा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि मी त्याची यथेच्छ थट्टा करतो.

आता कामाविषयी. लेथचा स्वभाव असा की लाकूड गरागरा फिरते, आपण पटाशी धरायची, आणि जे उरेल ते गोल असते. पहिल्या दिवशी काहीच उरले नाही, कारण ठोकळा सुटून खिडकीतून बाहेर गेला आणि दोरीवर वाळणाऱ्या माझ्याच पायजम्यात जाऊन विसावला. (पायजमा कातून मिळाला, असे आमच्या सौ. सगळ्यांना सांगतात.) पुढे हात बसला, पण एक विचित्र प्रकार सुरू झाला. घंटा करायला घेतली, तिचे प्यादे झाले. मेणबत्ती करायला घेतली, ते उंच प्यादे झाले. बर्फाचा माणूस केला, ते खाऊनपिऊन सुखी असलेले प्यादे झाले. देवदूत तर मी श्वास रोखून केला, आणि शेजारचे मास्तर तो बघताक्षणी म्हणाले, ‘वा, बाकीचा डाव कुठे आहे?’ मी पार हिरमुसलो. तेव्हा सौ.नी जमिनीवरच्या ढलप्यांतून दोन झोकदार वळलेल्या निवडल्या, डिंक लावून त्याच्या पाठीला चिकटवल्या, आणि प्याद्याला खरोखर पंख फुटले. आता तो देवदूत दिसतो. खात्री असावी म्हणून पोटाशी तशी चिठ्ठीही लावली आहे.

गोळ्यांची कथा वेगळी. शेजाऱ्यांनी झाड छाटले, त्याच्या फांद्या मी हौसेने ओढून आणल्या. ताजे लाकूड काय सुरेख कातले जाते! गोळे असे गुळगुळीत झाले की मी ते खिडकीत ओळीने मांडले आणि रस्त्याने जाणाऱ्यांना आत बोलावून दाखवले. मग ते वाळू लागले. लाकूड वाळताना सगळीकडून सारखे आक्रसत नाही, हे त्या लाकडाने मला सवडीने शिकवले. गोळ्यांची अंडी झाली. अंड्यांना तडे गेले. कामवाल्या बाईंनी विचारले, ‘काका, बसवणार कोणाला यांच्यावर?’ कातारी हे सारे चहा पीत बघत होता. ‘अरे, आधी बोलायचंस ना!’ म्हणून मी ओरडलो, तर म्हणाला, ‘मला वाटलं, तुम्हाला अंडीच पाहिजेत.’

शेवटी घरात चांगले मुरलेले लाकूड निघाले ते एकच, कन्येच्या लहानपणच्या टेबलाचे पाय. टेबल तसेही डुगडुगत होते. खोक्यातले सगळे जिन्नस त्या पायांतून निघाले आहेत. एका घंटेच्या कडेला तिने कर्कटकाने ओढलेली रेघ आहे, ती मी पटाशीखाली येऊ दिली नाही. तिला सांगू नका, ती ओळखेल.

राहता राहिला तारा. चहाच्या नादात मी शब्द दिला तेव्हा लेथवर फक्त गोलच होते हे ठाऊक नव्हते, आणि ताऱ्याइतकी कमी गोल वस्तू जगात दुसरी नसेल. कातारी म्हणाला, ‘चंद्र चालेल का विचारा.’ पण आपल्यासमोर तोंडघशी पडायचे नव्हते. म्हणून एक गोळा कातला, निमुळती टोके वेगळी कातली, गोळ्याला सगळीकडून भोके पाडून त्यांत ती बसवली, आणि तारा झाला हो! खराखुरा! सौ.नी लगेच शिरा करायला घेतला. असे पूर्वी फक्त कन्येच्या निकालाच्या दिवशी झाले होते.

विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना व सूनबाईंना आशीर्वाद, मांजराला समज.

आपला नम्र व्याही

ता. क. खोक्यात तारा नाही, म्हणून गोंधळू नये. त्याची टोके सुटी आहेत, आणि ती आयत्या वेळी झाडापाशीच विशिष्ट क्रमाने बसवावी लागतात. कारागिराविना ते जमणे कठीण. पार्सलने पाठवावा म्हटले तर माझी सारी नोकरी पार्सलखात्यात गेली. ‘नाजूक’ असा शिक्का दिसला की आम्ही ते पेटारे उतरवताना काय करायचो, ते आता सांगण्यात अर्थ नाही. तेव्हा तारा मलाच घेऊन यावा लागेल, असे दिसते. सौ.नासुद्धा आणावे लागेल, कारण शिडी धरायला कोणीतरी हवे.

दुसरा ता. क. शिडी आपल्याकडे नसल्यास आम्ही आणू.

तिसरा ता. क. विहीणबाई, हे मी लिहिते आहे, आमचे हे खोक्यासाठी दोरी शोधायला गेले आहेत. ताऱ्याची टोकं केव्हाच पक्की चिकटली आहेत, मी ओढून पाहिली. लेकीला बघायचं आहे एवढं सरळ लिहा म्हटलं, तर ऐकत नाहीत. त्या बिचाऱ्या काताऱ्याला मात्र हसतात. तुमची अडचण असेल तर मोकळेपणी कळवा, मी यांची समजूत घालीन. माझं म्हणाल तर मला कसलंच निमित्त नको. फक्त तिची जुनी उशी इथे राहिली आहे, तिच्याशिवाय तिला झोप लागत नाही, आणि उशी काही पार्सलने पाठवता येत नाही.